दहापैकी दहा!

ऑस्करला नॉमिनेट झालेले दहाच्या दहा सिनेमे पाहायचे आणि त्यांना एक ते दहा नंबर द्यायचे. ऐकायला सोप्पं वाटतं ना? मलाही वाटलं होतं...

एक कबुली देऊन टाकते. २०२३च्या फेब्रुवारीत मी ऑस्करवर एक छान ऐसपैस लेख लिहिला होता. दहा सिनेमे, कोण जिंकणार, कोण जिंकायला हवं वगैरे वगैरे. लेख छापून आला, ‘मस्त लिहिलंयस’ असे मेसेज आले, मी हवेत. त्याच शनिवारी कॉफी पिताना आमच्या ग्रुपमधल्या सीए मैत्रिणीने विचारलं, ‘‘अगं, ‘विमेन टॉकिंग’ इतका खाली का टाकलास?’’ मी दोन मिनिटं सॉलिड बोलले. फिके रंग, संवादांचा भार, बंदिस्त जागा... तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘बरं. शेवटी त्या बायका राहतात की जातात?’’

मी कॉफीतली साखर ढवळत बसले. कॉफीत साखर घातलेलीच नव्हती.

मी दहापैकी सहा सिनेमे पाहिले होते. शाळेत असते तर फर्स्ट क्लास! उरलेले चार ट्रेलर, दोन-चार परीक्षणं आणि आत्मविश्वास यांच्या जोरावर. आपल्यातले बरेच जण असंच करतात, नाही का? पाहिलेल्या सिनेमाबद्दल कमी आणि ऐकलेल्या सिनेमाबद्दल जास्त बोलतो आपण. फरक इतकाच, की मला त्याचे पैसे मिळाले होते.

नंतर कळलं, की खुद्द ऑस्करवालेही फार वेगळे नव्हते. एप्रिल २०२५ मध्ये अकॅडमीने नियम जाहीर केला, की अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचं, त्यातले सगळे नॉमिनेटेड सिनेमे सदस्याने पाहिलेले असलेच पाहिजेत. हा नियम २०२६च्या सोहळ्यापासून. अकॅडमीच्या स्वतःच्या ऑनलाइन स्क्रीनिंग रूममध्ये पाहिला तर नोंद होतेच, बाहेर पाहिला असेल तर कुठे आणि कधी पाहिला ते फॉर्मवर भरायचं. म्हणजे त्याआधी न पाहताही मत देता येत होतं! बातमी वाचून मला आधी हुश्श झालं. मग आठवलं, की आमच्या सीएने हाच नियम आम्हाला २०२४ मध्येच लावला होता.

थाप मारायची नाही!

२३ जानेवारी २०२४ला ९६व्या ऑस्करची नॉमिनेशन्स आली. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी दहा नावं : ‘ओपनहायमर’, ‘बार्बी’, ‘पुअर थिंग्ज’, ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’, ‘द होल्डओव्हर्स’, ‘पास्ट लाइव्ज’, ‘ॲनाटॉमी ऑफ अ फॉल’, ‘अमेरिकन फिक्शन’, ‘माएस्ट्रो’ आणि ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’. आपल्याकडे एरवी ऑस्करची चर्चा म्हणजे भारताची एन्ट्री कोणती एवढ्यापुरतीच असते. २००४ मध्ये ‘श्वास’ गेला, २००९ मध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, २०१५ मध्ये ‘कोर्ट’. आपला सिनेमा यादीतून गळला की आपला इंटरेस्टही गळतो. यावेळी मात्र सीएने फतवाच काढला : ‘‘दहाच्या दहा पाहायचे. पूर्ण. आणि प्रत्येकाने एक ते दहा नंबर लावून सही करून कागद माझ्याकडे द्यायचा.’’

आम्ही नऊ जण तयार झालो. हिंजवडीतले दोघं आयटीवाले, एक बँकेतला, एक आर्किटेक्ट, एक डेंटिस्ट, एक कॉपीरायटर, एक लेक्चरर, सीए आणि मी. हातात जवळपास सात आठवडे. दहा सिनेमांचा एकूण वेळ साधारण २३ तास. तुम्ही म्हणाल, त्यात काय? एका वीकएन्डला वेबसिरीजचे दोन सीझन उडवणारे लोक आपण! पण तिथे पदार्थ आपण निवडतो. ही यादी म्हणजे मेसचं ताट. कारलं आलं तर कारलंही खायचं. फॉरवर्ड करायचा नाही, मोबाइल उलटा ठेवायचा, आणि ‘कळलं मला काय आहे ते’ म्हणून मध्येच उठायचं नाही.

नंबर कशासाठी?

आपल्या आवडत्या सिनेमावर एक टिक मारली की झालं, नंबरांची भानगड कशाला, असं बँकवाल्याने विचारलंच. तर फंडा असा आहे. ऑस्करच्या बाकीच्या विभागांत ज्याला सर्वाधिक मतं तो जिंकतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं गणित मात्र वेगळं. २०१० च्या सोहळ्यापासून पाचाऐवजी दहा नॉमिनेशन्स आली आणि नंबर लावण्याची पद्धतही आली. मधल्या काही वर्षांत नॉमिनेशन्सचा आकडा पाच ते दहामध्ये फिरत राहिला; २०२२ पासून पुन्हा पक्के दहा.

पहिल्या पसंतीची मतं मोजतात. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसतील, तर सगळ्यात कमी मतं असलेला सिनेमा बाद. पण त्याला पहिला नंबर देणाऱ्यांचे कागद फुकट जात नाहीत. त्यांच्या पुढच्या पसंतीचा जो सिनेमा शर्यतीत शिल्लक असेल, त्याच्या ढिगात ते कागद जातात. असं करत करत एकजण निम्म्याच्या पुढे जातो. थोडक्यात, काहींना प्रचंड आवडणारा आणि बाकीच्यांना अजिबात न झेपणारा सिनेमा इथे अडकू शकतो. आणि बऱ्याच जणांचा ‘दोन नंबर’ असलेला सिनेमा बाजी मारू शकतो. हे ऐकल्यावर आम्ही सगळेच जरा सावरून बसलो. दुसरा, तिसरा, चौथा नंबर... प्रत्येकाला किंमत आहे राव!

माझी यादी, खालून वर

१०. माएस्ट्रो : संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइनच्या आयुष्यावरचा सिनेमा. दिग्दर्शकही ब्रॅडली कूपर, नायकही तोच. कॅरी मलिगन कमाल. पण सगळं इतकं इस्त्री केलेलं, की सुरकुती शोधत राहिले. सात नॉमिनेशन्स, पुरस्कार एकही नाही.

९. बार्बी : जुलै २०२३ मध्ये थिएटरात गुलाबी टॉप घालून गेले होते, धमाल केली होती. पुन्हा पाहताना मात्र भाषणं जास्त वाटली. ग्रेटा गर्विगला दिग्दर्शनाचं नॉमिनेशन नव्हतं याचा राग येऊनही नववा. राग हा काही नंबर लावायचा निकष नव्हे.

८. पुअर थिंग्ज : मोठ्या बाईच्या शरीरात बाळाचा मेंदू, आणि ती जग पाहायला निघालीये! एमा स्टोन अफलातून. योर्गोस लँथिमोसचं ते विचित्र, रंगीत जग डोळ्यांत मावत नाही. फक्त एक प्रेमळ सूचना : आईबाबांसोबत बसून पाहू नका. डेंटिस्टने पाहिला. तो आजही त्या संध्याकाळबद्दल बोलत नाही.

७. अमेरिकन फिक्शन : कृष्णवर्णीय लेखकाची गंभीर पुस्तकं कुणी घेत नाही, म्हणून वैतागून तो टोपणनावाने ‘त्यांना हवं तसं’ भडक पुस्तक लिहितो. आणि तेच तुफान चालतं. फ्रीलान्स लिहिणाऱ्या माणसाने हा सिनेमा जपून पाहावा. हसता हसता लागतो.

६. द होल्डओव्हर्स : १९७०चा ख्रिसमस. बोर्डिंग स्कूल रिकामं झालंय, आणि मागे उरलेत खडूस मास्तर, घरच्यांनी न नेलेला मुलगा आणि व्हिएतनाम युद्धात मुलगा गमावलेली स्वयंपाकीण. दिवाळीत हॉस्टेलवर अडकलेल्या प्रत्येकाला हा सिनेमा स्वेटरसारखा वाटेल. स्वयंपाकिणीच्या भूमिकेसाठी डेव्हाइन जॉय रँडॉल्फला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. अगदी बरोब्बर.

५. किलर्स ऑफ द फ्लॉवर मून : तीन तास सव्वीस मिनिटं! ओक्लाहोमातल्या ओसेज लोकांच्या जमिनीत तेल निघालं, ते श्रीमंत झाले, आणि मग १९२० च्या दशकात एकेक जण मरू लागला. मारणारे लांबचे नव्हते, घरात येऊन-जाऊन असलेले, सोयरीक केलेले. बायकोला औषध म्हणून नवरा काय टोचतोय, हे पाहताना मी रिमोटकडे ढुंकूनही बघितलं नाही. लिली ग्लॅडस्टोन काही न बोलता नुसती बघते, तरी आपण खुर्चीत अवघडतो. मार्टिन स्कॉर्सेसीच्या या सिनेमाला दहा नॉमिनेशन्स आणि शून्य पुरस्कार. ट्रेलरच्या जोरावर नंबर दिला असता तर ‘लांबलचक आहे बुवा’ म्हणून नववा दिला असता.

४. ओपनहायमर : हो, चौथा. थांबा, यावर पुढे बोलू.

३. ॲनाटॉमी ऑफ अ फॉल : बर्फाळ डोंगरातलं घर, वरून पडून मेलेला नवरा, संशयित बायको आणि जेमतेम दिसणारा मुलगा. खून, आत्महत्या की अपघात? जस्टिन त्रिएने खटल्याच्या निमित्ताने एका लग्नाचंच पोस्टमॉर्टेम केलंय. कोर्टात नवरा-बायकोच्या भांडणाचं रेकॉर्डिंग वाजतं, तेव्हा आमच्यातलं एक लग्न झालेलं जोडपं एकमेकांकडे न बघता चिप्स खात होतं. सिनेमा संपल्यावर आम्ही बाईवर मतदान घेतलं. मग रात्री दीडपर्यंत वाद. शेवटी शेजारच्या काकूंनी बेल वाजवली.

२. द झोन ऑफ इंटरेस्ट : हा नंबर माझ्यासाठी सगळ्यात लाजिरवाणा. ऑशविट्झच्या छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ ह्योस, त्याची बायको, मुलं, सुंदर बाग आणि बागेच्या भिंतीपलीकडे छावणी. कॅमेरा भिंतीपलीकडे जवळजवळ जातच नाही. मी पहिल्यांदा तो रात्री अकराला, लॅपटॉपच्या स्पीकरवर, पंखा फुल्ल सोडून पाहिला. काही घडतच नाहीये, असं म्हणून नववा नंबर दिला. सीएने विचारलं, ‘‘हेडफोन लावले होतेस?’’ पुन्हा पाहिला. या वेळी पंखा बंद, हेडफोन कानात. आणि मग ऐकू आलं. गुलाबांची निगा चाललीये, मुलं पोहतायत, आणि मागे सतत एक घरघर, लांबून गोळी, लांबून किंकाळी. अख्खा दुसरा सिनेमा आवाजात आहे! जोनाथन ग्लेझरच्या या सिनेमाला आवाजाचं ऑस्कर का मिळालं ते मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. माझ्या पंख्याच्या घरघरीत मी ती घरघर ऐकलीच नव्हती. भिंतीच्या अलीकडचे लोक नेमकं हेच तर करत होते...

अंदाज की आवड?

आता ‘ओपनहायमर’. खरं सांगायचं तर माझ्या पहिल्या कागदावर तो एक नंबरला होता. ख्रिस्तोफर नोलन, तीन तासांचा भव्य पट, सिलियन मर्फीचे ते डोळे, १३ नॉमिनेशन्स. सगळीकडे एकच सूर होता, की जिंकणार तर हाच. सीएने कागद पाहिला आणि तिच्या ऑडिटच्या आवाजात विचारलं, ‘‘हा अंदाज आहे की आवड?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे, तुला तो सगळ्यात जास्त आवडलाय, की तो जिंकणारच आहे म्हणून तू आधीच त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिलीयेस?’’

खूप राग आला. बरोबर बोललेल्या माणसाचा येतो तसा. कारण ‘ओपनहायमर’ला एक नंबर देण्यात काहीच धोका नव्हता. कुणी हसणार नव्हतं. सिनेमावर लिहिणारी मुलगी, तिची चॉइस ‘भारी’च असायला हवी ना! आणि माझा खरा एक नंबर फारच साधा होता. इतका, की तो मी भीत भीत चौथ्या जागी लपवला होता.

१. पास्ट लाइव्ज : सेलिन साँगचा पहिलाच सिनेमा. सोलमध्ये शाळेत एकत्र असलेली दोन मुलं. मुलीचं कुटुंब कॅनडाला निघून जातं. बारा वर्षांनी दोघं स्काइपवर भेटतात. एकाची सकाळ, दुसऱ्याची रात्र, मध्येच अडकणारं नेटवर्क. मग तेही थांबतं. आणखी बारा वर्षांनी तो न्यूयॉर्कला येतो. तिचं लग्न झालेलं आहे, नवरा चांगला आहे. बस, एवढंच. कुणी ओरडत नाही, कुणी पळून जात नाही.

सिनेमात ‘इन-यन’ असा एक कोरियन शब्द येतो. रस्त्यात दोन अनोळखी माणसांच्या कपड्यांचा नुसता स्पर्श झाला, तरी त्यांचं मागच्या जन्मी काहीतरी देणंघेणं असणार. सबटायटल वाचता वाचता आर्किटेक्ट पटकन म्हणाला, ‘‘अरे, हा तर ऋणानुबंध!’’ आणि खोलीत एकदम शांतता पसरली. आमच्यातल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी तिकडे आहे. माझी शाळेतली बेंचपार्टनर आहे. आधी रोज व्हिडिओ कॉल, मग रविवारी, मग वाढदिवसाला, मग फक्त वाढदिवसाचा इमोजी. भांडण झालं नाही, काहीच झालं नाही. काहीच न होता माणसं कशी लांब जातात, त्यावर कुणी इतका नेमका सिनेमा काढेल असं वाटलं नव्हतं.

तर मी कागद परत मागितला. पेनाने खाडाखोड केली. ‘पास्ट लाइव्ज’ एक. ‘ओपनहायमर’ चार. खाडाखोडीवर सीएने पुन्हा सही घेतली. ती ती आहे.

मतमोजणी

सोमवारी, ११ मार्च २०२४च्या पहाटे साडेचारला सोहळा सुरू होणार होता. आदल्या रात्री कर्वेनगरच्या फ्लॅटवर आमची मोजणी. स्टीलच्या डब्यातून नऊ कागद निघाले. पहिल्या पसंतीची मतं : ‘ओपनहायमर’ ४, ‘पास्ट लाइव्ज’ २, ‘ॲनाटॉमी’ २, ‘बार्बी’ १. जिंकायला हवीत पाच.

‘बार्बी’ बाद. तो कागद कॉपीरायटरचा, तिचा दुसरा नंबर ‘पास्ट लाइव्ज’. झाले ३. मग दोन मतांची ‘ॲनाटॉमी’ बाद. एका कागदावर दुसरा नंबर ‘पास्ट लाइव्ज’. झाले ४. दुसऱ्या कागदावर दुसरा ‘होल्डओव्हर्स’, पण तो शर्यतीत नव्हताच. तिसरा ‘पास्ट लाइव्ज’. पाच! ‘ओपनहायमर’ चारावरच अडकला. त्याच्या बाजूचे चौघं एकदम ठाम, पण बाकीच्यांच्या कागदावर तो चौथ्या-सातव्या जागी.

‘‘एक मिनिट,’’ सीए म्हणाली, आणि माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली. मला हिशोब कळायला दोन सेकंद लागले. मी खाडाखोड केली नसती, तर ‘ओपनहायमर’ला पहिल्याच फेरीत पाच मतं होती. खेळ तिथेच खलास.

नऊ जणांच्या खोलीतलं एक मत. त्याने लॉस एंजेलिसमध्ये पानही हललं नाही, कबूल. पण कितीतरी दिवसांनी मी मला जे वाटतं तेच लिहिलं होतं, आणि त्याने काहीतरी बदललं होतं.

सकाळी आठच्या सुमारास, निम्मे जण ऑफिसच्या कपड्यांत, शेवटचा पुरस्कार द्यायला अल पचिनो स्टेजवर आले. आम्ही दहा नावं ऐकायला सरसावून बसलो. सात आठवडे घालवले होते हो आम्ही त्या दहा नावांवर! पचिनोंनी नॉमिनेशन्स वाचलीच नाहीत. थेट पाकीट उघडलं आणि ‘ओपनहायमर’ म्हणून मोकळे झाले. सात ऑस्कर. ‘पास्ट लाइव्ज’ची दोन नॉमिनेशन्स होती, हाती काहीच नाही. अकॅडमी मतांचे आकडे कधीच जाहीर करत नाही, त्यामुळे दहा हजारांच्या आसपास सदस्यांच्या त्या मोजणीत कोण किती फेऱ्या टिकलं, हे आपल्याला कळणारही नाही.

हिंजवडीवाल्यांची कॅब खाली हॉर्न देत होती. कुणीच उठेना. मग लेक्चररने डब्यातला एक कागद उचलला आणि हजेरी घेतल्यासारखी दहा नावं मोठ्याने वाचली. ‘माएस्ट्रो’, ‘बार्बी’, ‘पुअर थिंग्ज’... प्रत्येक नावाला कुणीतरी ‘हजर’ म्हणालं. आणि एकाही नावाला, खरंच सांगते, मला साखर ढवळावी लागली नाही.

त्या दुपारी मी माझ्या बेंचपार्टनरला मेसेज केला. इमोजी नाही, तीन ओळी. तिच्याकडे रात्र होती. उत्तर लगेच आलं.

तुम्हालाही करायचंय?

• ग्रुप विषम संख्येचा ठेवा, सात किंवा नऊ. बरोबरीची भांडणं टळतात.
• नॉमिनेशन्स येतात त्याच आठवड्यात कॅलेंडरवर दहा तारखा लिहून टाका. लांबडा सिनेमा रविवारी दुपारी, जेवणाआधी!
• प्रत्येक सिनेमानंतर लगेच नंबर लिहा, पण पेन्सिलने. शेवटच्या दिवशी पेनाने.
• कागदावर दोन रकाने करा : ‘अंदाज’ आणि ‘आवड’. दोन्ही सेम येत असतील तर स्वतःला पुन्हा विचारा.
• हेडफोन लावा. पंखा बंद करा.
• ग्रुपमध्ये एक सीए असू द्या.